जुनं ते सोनं... आणि नवं?



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या आवडत्या गायकाच्या कार्यक्रमाला तुम्ही गेला आहात. दोन-तीन गाजलेली गाणी झाली आहेत, सभागृह डोलतंय. तेवढ्यात गायक म्हणतो, "आता एक नवीन गाणं ऐकवतो." त्या क्षणी तुम्ही काय करता? अगदी खरं सांगा हं! निम्मे लोक मोबाईल बघायला लागतात, कुणी बटाटेवडा आणायला उठतं, कुणी शेजारच्याशी पार्किंगबद्दल बोलतं. नवीन गाणं संपून ओळखीची सुरावट वाजली, की सगळे परत जागेवर हजर!

आपल्याकडे तर ‘वन्स मोअर’ची जुनी परंपरा आहे. संगीत नाटकांच्या काळात एकेका पदाला इतके वन्स मोअर मिळत, की रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. आवडलेलं पुन्हा ऐकण्यात सुख असतंच. पण जरा त्या गाणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. पंचविशीत केलेलं गाणं तो पन्नाशीतही गातोय. मधल्या काळात त्यानं संसार केला, मुलं वाढवली, जवळची माणसं गमावली, जग बदलताना पाहिलं. त्याबद्दल त्याला काही सांगायचं असेल, तर ते ऐकायला कुणी आहे का?

म्हणूनच आजचा विषय आहे, मुरलेल्या रॉक बँडचा नवा अल्बम. "रॉक म्हणजे तो धांगडधिंगा ना?" असं म्हणून आजी-आजोबांनी लगेच पान बंद करू नका बरं का! आजच्या लेखात गिटार आणि ड्रम आहेतच, पण खरा विषय तुमच्या-आमच्या घरातलाच आहे.

स्टुडिओ अल्बम म्हणजे नेमकं काय?

बँडचे अल्बम साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. जुन्या साड्यांची गोधडी शिवावी तसा. ऊब भरपूर, पण कापड जुनंच. दुसरा म्हणजे लाइव्ह अल्बम, एखाद्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. आणि तिसरा स्टुडिओ अल्बम. यात गाणी बहुधा नवी कोरी असतात. आधी ती सुचावी लागतात, मग बँडमधल्या सगळ्यांना पटावी लागतात (हे जास्त अवघड!), मग तालीम, मग रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंगही एका झटक्यात होत नाही. बहुतेक वेळा आधी ड्रम आणि बेस गिटार, त्यावर बाकीच्या गिटार, की-बोर्ड आणि शेवटी आवाज, असं एकेक वेगळं रेकॉर्ड होतं. त्यानंतर येतं मिक्सिंग. कुठलं वाद्य किती मोठं, कुठलं डाव्या कानात, कुठलं उजव्या कानात, आवाज पुढे की मागे, हे सगळं इथे ठरतं. वरणात सगळं घातलेलं असलं तरी मीठ आणि फोडणी जमली नाही तर काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. तसंच हे.

या सगळ्यात महिनोन्महिने जातात, पैसाही लागतो. आणि आजच्या काळात तो पैसा परत मिळणं कठीण. मोबाईलवर एक गाणं एकदा वाजलं, की कलाकाराच्या हाती पडते अगदी नगण्य रक्कम. कमाई होते ती कार्यक्रमांतून, आणि कार्यक्रमांची तिकिटं विकली जातात जुन्या गाण्यांच्या जोरावर. म्हणजे व्यवहार बघितला, तर मुरलेल्या बँडनं नवा अल्बम काढण्यात शहाणपण नाहीच. तरीही काही जण काढतात. का?

मुंबईची रॉक मशीन

यासाठी आपल्याला १९८४ च्या मुंबईत जावं लागेल. त्या वर्षी ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. तेव्हा मोबाईल, इंटरनेट काही नव्हतं. परदेशी बँडची एखादी कॅसेट कुणीतरी आणायचं आणि मग तिच्या कॉप्यांवर कॉप्या निघायच्या. आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड हीच परदेशी गाणी वाजवायचे, आणि जितकी हुबेहूब वाजवली तितक्या टाळ्या जास्त. मुंबईत या मंडळींचं पंढरपूर होतं धोबी तलावचं रंगभवन. उघड्यावरच्या त्या रंगमंचावर १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला आणि कॉलेजची पोरं तिथे गर्दी करू लागली.

अशा काळात रॉक मशीननं स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम काढला. वर्ष १९८८, नाव ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. पाठोपाठ १९९० मध्ये दुसरा, ‘द सेकंड कमिंग’. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया ही नावं कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ झाली. पुढे घरोघरी केबल आली, एमटीव्ही आलं. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. आपल्या मुंबईच्या पोरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, याची आज कल्पना येणार नाही.

१९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. आणि १९९७ मध्ये बँड थांबला. उदय बेनेगल आणि बँडमधले दुसरे गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा वेगळा प्रयोग सुरू केला. प्रत्येकाची वाट वेगळी झाली.

इथेच गोष्ट संपली असती, तर आपण म्हटलं असतं, "अरेरे, काय दिवस होते!" आणि जुन्या कॅसेट पुसून ठेवून दिल्या असत्या.

सतरा वर्षांनी आठ नवी गाणी

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. असे जुने बँड परत एकत्र येतात तेव्हा एक सोपा रस्ता समोर असतो. गाजलेली दहा-बारा गाणी पुन्हा बसवायची, आपल्याच वयाचे झालेले चाहते येतात, सोबत गातात, डोळे पुसतात, घरी जातात. यात वाईट काही नाही. पण इंडस क्रीडनं दोन गोष्टी केल्या. एक, जुन्या तिघांच्या म्हणजे बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्या सोबतीला वयानं लहान असलेले दोघं घेतले. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी. आणि दोन, नवीन गाणी लिहायला बसले.

२०१२ मध्ये त्यांचा अल्बम आला, ‘इव्हॉल्व्ह’. म्हणजे उत्क्रांत होणं, हळूहळू बदलत पुढे जाणं. आधीच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी! गाणी फक्त आठ. मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, ज्यांनी अमेरिकेच्या ‘पर्ल जॅम’ या बँडच्या ‘टेन’ या जगभर गाजलेल्या अल्बमचं मिक्सिंग केलं होतं.

तुम्ही रॉक मशीनची जुनी गाणी ऐकून मग ‘इव्हॉल्व्ह’ लावलंत, तर पहिल्यांदा थोडं गोंधळल्यासारखं होईल. जुन्या गाण्यांत ऐंशीच्या दशकाचा सगळा थाट आहे. उंच पट्टीतला आवाज, चकचकीत की-बोर्ड, पहिल्याच फटक्यात लक्षात राहणारं धृपद. ‘इव्हॉल्व्ह’ सुरू होतो ‘फायरफ्लाइज’ म्हणजे काजव्यांच्या नावाच्या गाण्यानं, आणि तिथूनच लक्षात येतं, की हे लोक आता घाईत नाहीत. गिटार जास्त जड आणि गडद झाली आहे. गाणं सावकाश उलगडतं, मध्येच वळण घेतं. धृपद तुमच्यामागे धावत येत नाही, तुम्हालाच दोन-तीनदा ऐकून त्याच्यापर्यंत जावं लागतं. शेवटच्या गाण्याचं नाव ‘गुडबाय’. चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी केलेलं हे संगीत आहे आणि ते ती गोष्ट लपवत नाहीत. मला तरी या अल्बममध्ये सगळ्यात जास्त तेच आवडलं.

"आवाज बदललाय त्याचा"

आमचं घर बेळगावचं. मी नोकरीसाठी बेंगळुरूत असते. बाबा कॉलेजात असताना रॉक मशीनचे भक्त होते. तिनईकर हे आडनाव ऐकलं, की त्यांना लगेच आमच्याकडचा तिनईघाट आठवतो आणि उगाचच अभिमान वाटतो! पण ‘इव्हॉल्व्ह’ त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर, "आमच्या वेळचं ते वेगळंच होतं."

मागच्या दिवाळीनंतर ते मला सोडायला गाडीनं बेंगळुरूला आले. धारवाड मागे पडल्यावर मी न विचारता ‘इव्हॉल्व्ह’ लावला. दोन गाणी ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्याला म्हणाले, "आवाज बदललाय त्याचा."

मी म्हटलं, "बाबा, तुमचाही बदललाय."

ते हसले. मग दावणगेरेपर्यंत आमचा वाद चालला. त्यांना दोन गाणी आवडली, तीन अजिबात आवडली नाहीत, आणि ड्रम वाजवणाऱ्या पोराचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. अल्बम त्यांना फार थोर वाटला असं मी म्हणणार नाही. पण एरवी आमचं बोलणं "जेवलीस का?" आणि "ऑफिस कसं आहे?" यावर संपतं. त्या दिवशी बाबा मला पहिल्यांदाच सांगत होते, की कॉलेजात असताना त्यांना गिटार शिकायची होती. मग का नाही शिकलात? तर म्हणे, "तेव्हा पैसे नव्हते, नंतर वेळ नव्हता, आणि आता काय, वय झालं."

"आता काय, वय झालं" हे वाक्य तुमच्याही घरात रोज ऐकू येत असेल ना? आणि खरं सांगायचं तर हे वाक्य मोठ्यांच्या तोंडी आपणच घालतो. आईनं इंग्रजीच्या क्लासचं नाव काढलं, की "आता कशाला?" आजोबांनी स्मार्टफोनवर काही नवीन करून बघितलं, की "राहू द्या आजोबा, बिघडेल." आपल्याकडे म्हणच आहे, साठी बुद्धी नाठी. मोठ्यांकडून आपल्याला हव्या असतात फक्त त्यांच्या जुन्या हिट गोष्टी: आजीच्या हातचे तेच लाडू, आजोबांचे तेच किस्से. त्यांनी काही नवीन काढलं, की आपण मोबाईल बघायला लागतो. अगदी त्या सभागृहातल्यासारखं!

आमच्या बेंगळुरूचा किस्सा

इंडस क्रीड थांबला आणि परत आला. आता न थांबलेल्यांची गोष्ट. बेंगळुरूत १९९६ मध्ये कॉलेजच्या पोरांनी एक बँड सुरू केला, ‘थर्मल अँड अ क्वार्टर’. नावाची गंमत ऐका. बँडमध्ये तिघं मल्याळी, म्हणजे ‘थ्री मल’, आणि चौथा फक्त पाव मल्याळी. म्हणून ‘थर्मल आणि पाव’! या शहराचा स्वभावच असा. इथे प्रत्येक जण थोडा इथला, थोडा तिथला.

गायक-गिटारवादक ब्रूस ली मणी आणि ड्रमवादक राजीव राजगोपाल हे सुरुवातीपासून आजवर टिकून आहेत. बेस वाजवणारे बदलत गेले. पहिला अल्बम २००० मध्ये आला, २००२ मध्ये ‘ज्युपिटर कॅफे’, आणि २०१२ मध्ये तर ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ नावाचा तीन भागांचा भलामोठा अल्बम. तीन चाकं म्हटल्यावर बेंगळुरूकराला काय आठवतं, ते इथल्या रिक्षावाल्यांशी भाड्यावरून हुज्जत घातलेल्यांना सांगायला नको!

पण नुसत्या रॉकवर भारतात घर चालत नाही. मग हे इतकी वर्षं टिकले कसे? या मंडळींनी संगीत शिकवायची शाळा काढली. सकाळ-संध्याकाळ मुलांना गिटार, ड्रम शिकवायचे आणि स्वतःची गाणीही करत राहायची. मला हे उत्तर फार आपलंसं वाटतं. आपल्याकडे कितीतरी गवयांनी आणि तबलजींनी शिकवण्या घेतच आपली कला जपली आहे.

आणि मग २०२० मध्ये, बँड चोविशीत असताना, त्यांचा अल्बम आला. नाव ‘अ वर्ल्ड गॉन मॅड’, म्हणजे वेडं झालेलं जग. त्या वर्षी जग किती वेडं झालं होतं, ते तुम्ही-आम्ही घरात बसून पाहिलंच आहे. या अल्बमसाठी टोनी दास हे आणखी एक गिटारवादक सोबत आले आणि बेसवर होते लेस्ली चार्ल्स. दोन गिटार एकमेकींशी बोलतात, भांडतात, परत जुळवून घेतात. चोवीस वर्षांनंतरही बँडमध्ये नव्या माणसाला जागा करून देणं सोपं नसतं. आपल्याकडे स्वयंपाकघरात नव्या सुनेनं डबे हलवले तरी आठवडाभर चर्चा होते!

ऐंशीव्या वर्षी फुटक्या काचा

आता थोडं जगाकडे बघू. ‘रोलिंग स्टोन्स’ हा ब्रिटिश बँड १९६२ चा. म्हणजे आपल्या संयुक्त महाराष्ट्राहून फक्त दोन वर्षांनी लहान! ४ एप्रिल २००३ रोजी ते इथे बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम २००५ मध्ये आला होता. त्यानंतर मध्ये जुन्या ब्लूज गाण्यांचा एक अल्बम सोडला, तर नवीन गाण्यांचा अल्बम थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, ‘हॅकनी डायमंड्स’. तेव्हा गायक मिक जॅगर ऐंशी वर्षांचे होते आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स एकोणऐंशी वर्षांचे.

या नावाचा अर्थही मजेदार आहे. हॅकनी हा लंडनचा एक भाग. चोरांनी गाडीची काच फोडली, की रस्त्यावर जो काचांचा चुरा चमकतो, त्याला तिथल्या बोलीत म्हणायचे हॅकनीचे हिरे!

त्यांचे ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये वारले. जवळजवळ साठ वर्षांची सोबत. तरी या अल्बममधल्या दोन गाण्यांत त्यांनी आधी वाजवून ठेवलेले ड्रम आहेत. म्हणजे गेलेला मित्र दोन गाण्यांपुरता परत येऊन बसतो. आणि अल्बमचा निर्माता अँड्र्यू वॉट हा १९९० चा जन्म, नातवाच्या वयाचा. शेवटी जॅगर आणि रिचर्ड्स दोघंच मडी वॉटर्स यांचं ते जुनं गाणं वाजवतात, ज्यावरून बँडला नाव मिळालं. आठवण आहे, दुःख आहे, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आधी अकरा नवी गाणी केली, मग आठवणीत बसले.

मग आपण काय करायचं?

तीनही बँडची वाट वेगळी आहे. पण एक गोष्ट मला तिन्हींकडे दिसते. यांतल्या कुणीही आपल्या पंचविशीशी स्पर्धा केली नाही आणि कुणीही एकट्यानं केलं नाही. प्रत्येकानं आपल्यापेक्षा लहान किंवा नव्या माणसाला आत घेतलं, आणि मग आजच्या वयाचं गाणं केलं. घरातही हेच चालेल की! आईला क्लासला जायचंय, तर "आता कशाला?" ऐवजी "कधीपासून?" विचारा. आजोबांना मोबाईलवर काही शिकायचंय, तर त्यांच्या हातातून फोन ओढून स्वतः करून देऊ नका, शेजारी बसा.

आणि मोठ्यांनो, तुम्हालाही सांगते. तुमचं नवीन काम तुमच्या जुन्या कामाइतकं गाजेल असं नाही. ‘इव्हॉल्व्ह’मधली गाणीही जुन्या गाण्यांइतकी घरोघरी पोहोचली नाहीत. पण ती झाली म्हणून आज आपण इंडस क्रीडबद्दल फक्त "काय दिवस होते" एवढंच बोलत नाही.

या आठवड्यासाठी एक छोटा गृहपाठ. यांपैकी कुठलाही एक अल्बम निवडा. इंग्रजी नको असेल, तर दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या १९९० पासूनच्या बँडचा २०२३ मधला ‘तू है’ घ्या. तीनदा ऐका. पहिल्यांदा भाजी निवडताना किंवा बसमध्ये, सहज. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, फक्त एकाच वाद्याकडे लक्ष देऊन. तिसऱ्यांदा घरातल्या दुसऱ्या पिढीच्या माणसाबरोबर. आवडलाच पाहिजे असं काही नाही. वाद झाला तर उत्तमच!

बाबांनी अजून गिटार घेतलेली नाही. पण परवा फोनवर विचारत होते, डावखुऱ्या माणसासाठी वेगळी गिटार असते का? मी म्हटलं, असते. किंमत विचारून सांगते.

तुमच्या घरात कुणी पन्नाशी-साठीनंतर काही नवीन सुरू केलं आहे का? मला जरूर लिहून कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या विषयासह!